नळीचं तोंड भिंतीकडं

बारामतीला माझ्या सासऱ्यांच्या घरी शोकेसच्या वर एक फोटो आहे. त्यात मी फेटा बांधून, डोक्यावर अजून केस असताना, एका लांबलचक बंदुकीचा दस्ता खांद्याला लावून उभा आहे. नळीचं टोक सासऱ्यांच्या पोटापासून दोन वितींवर आहे आणि सासरे दोन्ही हात वर करून हसताहेत. आमच्या लग्नानंतरचा तो पहिला दसरा. जावयाचं घर पाहायला म्हणून ते डाळजला आले होते. फोटो बायकोने काढला. ती "रेडी" म्हणाली तेव्हा मी चाप ओढला. खट्ट असा आवाज व्हावा, सासरे दचकावेत, फोटो जिवंत यावा, एवढाच हेतू होता. चाप हलला नाही. मग मला वाटलं, डाव्या बाजूची, चाप अडवून धरणारी छोटी कळ लावलेली असेल, म्हणून ती अंगठ्याने ढकलून पाहिली. तीही हलली नाही. "जाम झालीय," मी म्हणालो, आणि सगळे पुरणपोळी खायला गेलो.

गेल्या भाद्रपदापर्यंत हा दोन्ही घरांचा आवडता विनोद होता.

ती बंदूक आमच्या आजोबांची. आमचं घराणं मूळचं मेंढरं राखणारं. आजोबांच्या काळात दीडशे मेंढरांचा कळप होता आणि माळावर वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, लावून सगळं घर तिच्याभोवतीच झोपायचं. पुढे कालव्याचं पाणी आलं, मेंढरं गेली, ऊस आला. मी तर ऊसही सोडला आणि बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात लागलो. पिशवीतल्या दुधाला किती फॅट आहे हे सांगण्याचा मला पगार मिळतो. मेंढरांच्या काळातल्या दोनच वस्तू डाळजच्या घरात उरल्या: लोकर कातरायची एक मोठी कातर आणि ही बंदूक. आजोबांचा फोटो नाही. कधी काढलाच नव्हता. म्हणून माझ्या वडिलांना, आबांना, ती बंदूक म्हणजेच त्यांचा बाप.

दसऱ्याला आबा तिला खुंटीवरून काढत, पाटावर निजवत. शेजारी कातर, कोयता, ट्रॅक्टरची किल्ली. आधी आई आणि पुढे माझी बायको तिला तेल लावत, वर हळद, वर कुंकू, वर पुन्हा तेल. वर्षानुवर्षांच्या या लेपाने बंदुकीचा मधला भाग असा झाला होता की लाकूड कुठे संपतं आणि लोखंड कुठे सुरू होतं ते कळू नये. आणि आबांचा एक नियम होता. पाट कसाही मांडा, नळीचं तोंड भिंतीकडं. माणसांनी दस्त्याच्या बाजूने बसायचं आणि दस्त्यालाच कपाळ टेकायचं.

हा नियम मी मोडला. कॉलेजला जायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की भिंतीकडे तोंड करून निजवलेली बंदूक रुसलेल्या माणसासारखी दिसते. किल्ल्यावरच्या तोफेचं तोंड कसं येणाऱ्याकडे असतं, तसं हवं.

"आबा, भिंतीकडं का?"

"दादांनी सांगितलंय." दादा म्हणजे माझे आजोबा.

"पण का?"

"का बी न्हाय आन फी बी न्हाय. त्वांड भितीकडं."

कारण देता न आल्यामुळे आबा हरले, असा माझा त्या वेळचा न्याय. त्या वर्षी मी बंदूक फिरवली. नळी माणसांकडे आली. झेंडूचा एक छोटा हार मी नळीच्या टोकातही अडकवला. मग कपाळंही तिथेच टेकायला लागली, कारण माणूस देवाच्या तोंडाकडे वाकतो, पाठीकडे नाही. आईने टेकलं, बहिणींनी टेकलं, पुढे मळवट भरलेल्या माझ्या बायकोने टेकलं, आणि त्यानंतर रांगत आलेल्या माझ्या मुलीचं डोकं मी माझ्या हाताने तिथे टेकवलं. आबा मात्र शेवटपर्यंत दस्त्याकडे बसून दस्त्यालाच नमस्कार करत राहिले. मी ते म्हाताऱ्याचं हट्टीपण म्हणून खपवलं.

बंदुकीची कथा मात्र मी घडवली. आजोबा पलटणीत होते, परदेशात लढले, शत्रूच्या खंदकातून ही रायफल घेऊन आले. यातलं आबांनी काही सांगितलेलं नव्हतं, पण त्यांनी नाहीही म्हटलं नव्हतं. मोबाईल आल्यावर कथेला पुरावे मिळू लागले. जुन्या फौजी रायफलींचे फोटो बघत मी जेवायचो. दोन वर्षांत मी भावकीतला बंदूकतज्ज्ञ झालो. कऱ्हाटीला एका नातेवाइकांनी मला त्यांच्या माळ्यावरची रायफल ओळखायला मुद्दाम बोलावलं होतं. मी भिंग घेऊन तासभर ती न्याहाळली आणि पहिल्या महायुद्धातली, जर्मन बनावटीची असं जाहीर केलं. घरातल्या म्हातारीने चहाची कपबशी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "आमच्या ह्यांनीच केलीय ती, गावातल्या नाटकाला. नळी म्हंजी सायकलच्या पंपाची हाय." एवढ्याने शहाणा माणूस थांबला असता.

भाद्रपदात आबांना ठाण्यातून बोलावणं आलं. आबा ब्याऐंशीचे. परवाना त्यांच्या नावावर. कारकुनाने नीट समजावून सांगितलं की आता हा परवाना वारसाच्या नावावर करून घ्या, नाहीतर शस्त्र जमा करा. पण त्यांच्या दप्तरात वर्णनाच्या रकान्यात नुसतं 'जुनी बंदूक, एक नग' एवढंच होतं, म्हणून आधी ती ओळखून घ्यायची. मुख्यालयातले शस्त्र दुरुस्त करणारे हवालदार अमुक दिवशी येतील, त्यांना दाखवा. फौजी बोअरची, म्हणजे लष्करी मापाच्या नळीची, निघाली तर खासगी माणसाला परवाना मिळणार नाही, कायमची जमा होईल. पहारेकऱ्यांची साधी मस्केट वगैरे निघाली तर राहील घरात.

आबा घरी येऊन ओसरीवर बसले. मग म्हणाले, "दसऱ्याला ती पाटावर पायजे. माझ्यामागं बी पायजे. बापाचं तेवढंच हाय आपल्याकडं."

मी म्हणालो, "काळजी करू नका आबा. मी सिद्ध करतो."

"काय सिद्ध करतू?"

"की ही खरी फौजी रायफल आहे म्हणून."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या बायकोनेही पाहिलं. ती शाळेत गणित शिकवते. ती शांतपणे म्हणाली, "फौजी निघाली तर जाणार ना?"

हे इतकं सरळ होतं की मला ते दिसलंच नव्हतं. पण एकदा छाती पुढे काढली की ती मागे घ्यायला आमच्यात जागा नसते. मी म्हणालो, युद्धातल्या वारशाची गोष्टच वेगळी असते, अधिकारी बघूनच सलाम करतील, नियम आपल्यासारख्यांसाठी नसतात. बायको म्हणाली, "बरं," आणि वह्या तपासायला लागली. ती 'बरं' म्हणते तेव्हा पुढे काय होणार ते तिला माहीत असतं.

ओळख पटवायची तर छाप वाचायला हवेत, आणि छाप होते त्या लेपाखाली. आदल्या दिवशी मी रजा टाकली आणि डाळजच्या अंगणात पोतं अंथरून बसलो. आधी रॉकेल, मग डिझेल, मग शिवणयंत्राचं तेल. चमच्याच्या दांड्याने खरवडताना लाल-पिवळ्या खपल्यांच्या खपल्या निघत होत्या. मी बायकोला म्हणालो, "बघ, तुम्ही बायकांनी इतिहासावर काय करून ठेवलंय." संध्याकाळपर्यंत लोखंडावर एक मुकुट, काही आकडे आणि एक वर्ष दिसू लागलं. मी हर्षाने वेडा व्हायचा बाकी होतो. नळी मागून उघडायचा दांडा, बोल्ट, काही उघडेना, पण डाव्या बाजूची ती छोटी कळ, लग्नाच्या वर्षी न हललेली, टिच् करून पुढे सरकली. मी ती चार-पाच वेळा मागे-पुढे केली. आवाज फार छान येत होता. शेवटी ती पुढेच राहू दिली.

सकाळी निघालो. आबांनी बंदूक गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर मांडीवर घेतली. नळी त्यांनी खिडकीबाहेर काढली होती.

"आबा, हायवे आहे. लोक काय म्हणतील? आत घ्या."

"ऱ्हाऊ दे की बाहीर."

"आत घ्या म्हणतो ना."

आबांनी ती आत घेतली आणि दोन सीटच्या मधून पुढे सरकवली. डाळज ते इंदापूर, गतिरोधकांसकट, नळी माझ्या बरगडीला टेकून होती. एकदा टोचली म्हणून मी हाताने बाजूला केली. ठाण्याच्या फाटकाशी आबा म्हणाले, "आत त्वांड उघडू नगंस. इचारलं तरच बोल."

आवारात लिंबाच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. हवालदार पन्नाशीचे, चष्म्याला दोरी, बोटं काळी. आमच्या आधी एकजण दुनळी दाखवून गेला. आमची गोधडी उघडल्यावर हवालदारांनी वास घेतला.

"रॉकेल कुणी लावलं?"

"मी," मी म्हणालो, आणि विचारलं गेल्यामुळे पुढेही बोललो. "साहेब, थ्री-नॉट-थ्री आहे. अस्सल फौजी. पहिल्या महायुद्धातली. हा मुकुट बघा, हे वर्ष बघा. आमचे आजोबा..."

आबांची वहाण माझ्या पायावर पडली. चुकून नाही.

हवालदार म्हणाले, "फौजी बोअर आहे म्हणता?"

"शंभर टक्के," मी म्हणालो.

त्यांनी समोरच्या कागदावर पेन टेकवलं. आबांचे डोळे त्या पेनवर होते. आपण आता बापाला सोडून जाणार, हे त्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा दिसलं, आणि माझं तोंड, जे आयुष्यात कधी वेळेवर बंद झालं नव्हतं, ते बंद झालं.

पण हवालदारांनी लिहिलं नाही. "आधी बघू," म्हणाले. त्यांनी बंदूक हातात घेतली, आणि पहिली गोष्ट केली ती ही की नळी वळवून आवाराच्या कोपऱ्यातल्या वाळूच्या ढिगाकडे केली. मग बोल्टच्या मागच्या टोकाकडे बोट नेलं आणि तिथेच थांबले. चेहरा बदलला. आवाज अगदी खाली आला.

"सगळे माझ्या मागे या. आजोबा, तुम्हीही. हळू."

आम्ही मागे गेलो. त्यांनी प्रथम ती छोटी कळ मागे ओढली, टिच्. तोच तो छान आवाज. मग लाकडी हातोडीने बोल्टच्या मुठीला हलके टोले दिले. सात, आठ. मूठ उचलली गेली. बोल्ट अर्धा मागे आला, अडला, मग पूर्ण आला, आणि त्याच्या तोंडाला धरून एक हिरवट, लांबट पितळी वस्तू बाहेर आली. त्यांनी ती दोन बोटांत धरून टेबलावर ठेवली. ती एकदा घरंगळली आणि लिहायच्या पॅडला लागून थांबली.

काडतूस.

वर लिंबावर कावळा ओरडत होता.

"घोडा चढलेला होता," हवालदार म्हणाले. "भरून, चढवून, कळ लावून ठेवलेली. कधीपासून आहे अशी?"

मी हिशेब करत होतो. निवडणुका आल्या की ती याच लेपासकट, याच गोधडीत कुठल्या कुठल्या ठाण्यात जमा होत असे. बोल्ट उघडतच नसे, म्हणून 'नादुरुस्त' असा शेरा घेऊन परत यायची.

"ही कळ," हवालदार म्हणाले, "पुढे होती. म्हणजे मोकळी. घरूनच मोकळी आणलीत?"

"काल मीच केली," मी म्हणालो.

"आणि गाडीत कशी ठेवली होती?"

मी बरगडीला हात लावला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"उडालं असतं का हे?" मी विचारलं.

"इतकं जुनं काडतूस. बऱ्याचदा उडत नाही."

"आणि कधी कधी?"

त्यांनी चष्मा परत घातला. "आधी ही कळ हलत नव्हती?"

"नाही. कुंकू-तेल बसून घट्ट झाली होती. वीस वर्षांपूर्वी मी ढकलून पाहिली होती, तेव्हा..."

तेव्हा चाप ओढलेला होता. समोर सासऱ्यांचं पोट होतं. मी दुनळीवाल्याच्या रिकाम्या खुर्चीत बसलो. ज्या लेपाला मी आदल्या दिवशी नावं ठेवत खरवडलं होतं, त्याने ती कळ धरून ठेवली होती. फोटोत हात वर करून हसणारा माणूस त्या लेपावर जिवंत होता. आणि मग कपाळं डोळ्यांपुढून जाऊ लागली. आईचं. बहिणींचं. मळवट भरलेलं. आणि ते एक छोटं, टोपडं घातलेलं, जे मी मागून हाताने दाबून टेकवलं होतं, नीट टेकावं म्हणून.

आबा हळूच बोलले. मला नाही, हवालदारांना.

"एकदा लांडग्यानं वाघरीतनं कोकरू न्हेलं. दादांनी हिच्यात बार भरला. पावसाचं दिस. लांडगा काय परत आला न्हाय आन बार काय बाहीर निघंना. म्या ल्हान हुतो. इस्त्यापाशी बसून दोन दिस खटाटोप करत हुते, तेवढं आठवतंय. मंग टांगली ती टांगलीच. म्हनले, हिचं त्वांड कायम भितीकडं ठिवायचं. म्या म्हनलं, का? तर म्हनले, तुला काय करायचंय." ते थांबले. "मला वाटलं, रीत हाय."

मग माझ्याकडे वळले. "म्या सांगितलं हुतं तुला."

"हो."

"तू म्हनलास, का."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

हवालदारांनी आमच्यावर दया केली आणि कामाला लागले. रिकामी झालेली नळी त्यांनी उजेडाकडे धरली, एका बाजूने टॉर्च लावला, मला जवळ बोलावून आत बघायला सांगितलं. आत नुसती गुळगुळीत भोकाची नळी.

"रायफल असती तर आत पिळाच्या खाचा असत्या. इथे आहेत का? आणि हे बघा, जिथून पाच गोळ्या भरतात ती जागा लाकडाचा ठोकळा घालून बुजवलीय. एका वेळी एकच. काडतूसही छऱ्याचं. अंग फौजी रायफलीचं, पण पोट काढून घेतलेलं. पहारेकऱ्यांना द्यायचे असल्या. मस्केट." ते कागदावर लिहू लागले. "मुकुट अंगावरचा आहे, तो राहणारच. तुमचे आजोबा पलटणीत होते म्हणालात?"

मी आबांकडे पाहिलं.

"न्हाय हो," आबा म्हणाले. "ते मेंढरामागं हुते. लिलावात घेतली त्येंनी, परवाना काढून. लांडग्यासाठी."

"आबा, तुम्ही इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"तू इचारलंस कवा? तू सांगत हुतास."

खंदक गेला, परदेश गेला, शत्रू गेला. एक लांडगा राहिला, आणि तोही परत न आलेला. दुसऱ्या कुठल्या दिवशी मला याचं दुःख झालं असतं. त्या दिवशी मी त्या गुळगुळीत नळीकडे पाहून देवाचे आभार मानत होतो, कारण हवालदारांनी शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: वारसाच्या नावे परवाना देण्यास हरकत नाही. काडतूस मात्र ते ठेवून घेणार होते. आबांनी त्याला हात लावू का विचारलं. हवालदारांनी मान हलवून नाही म्हटलं, मग कापडात धरून आबांना जवळून दाखवलं. आबांनी ते बराच वेळ बघितलं. त्यांच्या बापाने शेवटचं भरलेलं ते.

कारकुनाने अर्ज पुढे ओढला. "वारसाचं नाव?"

मी पेन घ्यायला हात पुढे केला.

"सुनंचं चालतंय का?" आबांनी विचारलं.

कारकुनाने नियम पाहिला. "चालतं. कायदेशीर वारसात सून येते. पण मुलगा इथे आहे ना?"

"हाय की," आबा म्हणाले. "म्हनूनच."

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. म्हणजे आबांनी सांगितलं, मी माठातलं पाणी पीत राहिलो. ती ऐकत होती. मुलीचं नाव येईपर्यंत तिने काही केलं नाही. मग उठली, आतल्या खोलीत गेली, आणि पोरीचं डोकं छातीशी धरून बराच वेळ तशीच उभी राहिली. पोरीला दहावीचा अभ्यास करायचा होता, ती "काय आहे आई" म्हणत होती. बाहेर आल्यावर बायकोने मला एकच विचारलं. "बाबांच्या फोटोत कळ ढकललीस तेव्हा जोर किती लावला होतास?"

मी खोटं बोललो. थोडासा, म्हणालो.

त्यानंतर शूटिंगचं शिक्षण, डॉक्टरचा दाखला, पोलिसांचा अहवाल हे सगळं तिने एकटीने पुरं केलं. नेम तिचा म्हणे चांगला आहे. मी चौकशी केली नाही.

दसऱ्याला बंदूक पाटावर आली. तिनेच निजवली. रिकामी आहे, उघडून तीनदा पाहिलेली आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी नळीचं तोंड भिंतीकडं. तिने तेल घेतलं, हळद घेतली, आणि त्या छोट्या कळेवर कुंकवाचा असा जाड थर दिला की मी खरवडलेलं निम्मं एका सकाळीच भरून निघालं. मग सगळे दस्त्याच्या बाजूने बसलो. आबा पहिले. मी दस्त्याला कपाळ टेकलं आणि टेकूनच राहिलो, कारण वर पाहिलं असतं तर आबा दिसले असते.

सासरे आले होते. जेवणं झाल्यावर हात धुऊन म्हणाले, "जावईबापू, वीस वर्षं झाली. तसाच एक फोटो परत काढू या."

मी बायकोकडे पाहिलं. त्यांना अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

"काढू या," ती म्हणाली. "बाबा, बंदूक तुम्ही धरा. हात हे वर करतील."